डाव्या डोळ्याचा मासा

वय साठीला टेकलं तरी घरात तिला धाकटीच म्हणत. म्हणणारं माणूस आता एकच उरलं होतं, थोरली जाऊ. दोघींचे नवरे सख्खे भाऊ. ते एकापाठोपाठ एक गेले, मुलं नोकऱ्यांच्या मागे लांब पांगली, आणि जिन्यालगतच्या तीन खोल्यांत दोन जावा राहिल्या. लग्न होऊन आल्या दिवशी थोरलीने "धाकटे, इकडे ये" अशी जी हाक मारली, ती कायमची चिकटली. शेजारपाजारचे, दूधवाला, टपालवाला, सगळेच धाकटी म्हणायला लागले. आता तिला तिच्या नावाने कुणी हाक मारली असती तर तिने आधी मागे वळून पाहिलं असतं, कुणाला बोलावतायत म्हणून.

धाकटीचं काम मासे रंगवायचं. असं सांगितलं की लोकांच्या कपाळावर आठ्या पडत. मासे कशाला रंगवायचे? ते रंगीतच असतात ना? मग ती समजावून सांगे, की मासे नव्हे, माशांची चित्रं. संशोधन संस्थेत एक शास्त्रज्ञ आहेत, ते नदीनाल्यांतल्या माशांचं मोठं पुस्तक करतायत, आणि त्यातली चित्रं मी काढते. "मग फोटो का नाही काढत?" हा पुढचा प्रश्न ठरलेला असे. त्याचं उत्तर तिला कधीच थोडक्यात देता आलं नाही.

त्याआधी ती चिनी मातीच्या कारखान्यात कपबश्यांवर फुलं काढायची. एका बशीवर तीन फुलं, पाच पानं, सोनेरी रेघ. हात इतका बसलेला, की गप्पा मारता मारता फूल उमले. पुढे कारखान्याने छापील फुलं चिकटवायला सुरुवात केली आणि रंगवणाऱ्या बायका घरी बसल्या. त्याच सुमाराला संस्थेला बारीक कुंचल्याचं काम येणारं माणूस हवं आहे असं कुणीतरी सांगितलं. धाकटी गेली, आणि पहिल्याच दिवशी गोंधळात पडली, ती आजतागायत त्यातच आहे.

ते शास्त्रज्ञ म्हणजे सर; संस्थेत त्यांना डॉक्टरही म्हणत. उंच, किंचित वाकलेले, खिशात कायम मोजपट्टी आणि कर्कटक. त्यांच्या खोलीत छतापर्यंत कपाटं, आणि कपाटांत स्पिरिटच्या बरण्या. बरण्यांत मासेच मासे, सगळे मेणबत्तीसारखे पांढरट. सरांनी एक मासा मेणाच्या पाटीवर ठेवला, त्याचे पर टाचण्यांनी पसरले आणि म्हणाले, "काढा."

धाकटीने दिवसभर बसून काढला. चांगला गुबगुबीत, खवले ओळीने, डोळ्यात चमक.

सरांनी चित्र लांब धरलं, जवळ धरलं. "छान आहे. पण हा मासा नाही."

"मग काय आहे?"

"बशीवरचं फूल आहे, बाई. त्याला डोळा काढलाय. खवले मोजलेत का?"

खवले मोजायचे असतात हे तिला तेव्हा कळलं. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एका ओळीत किती, प्रत्येक परामध्ये काटे किती, डोळ्याची रुंदी डोक्याच्या लांबीच्या कितवा भाग. "दिसतं तेच काढायचं," सर म्हणाले. "मनाचं काही घालायचं नाही." तिने ते मनावर घेतलं. पुढच्या माशाची शेपटी फाटलेली होती, तीही तिने चिंधीनिशी हुबेहूब उतरवली.

"हे फाटकं कशाला काढलंत?" सर म्हणाले.

"तुम्हीच म्हणालात, दिसतं तेच."

"हो, पण हा एक मासा फाटका आहे. आपल्याला ह्या एकाचं चित्र नकोय. ह्याच्यासारख्या सगळ्यांचं हवंय."

"मग तो सगळ्यांसारखा मासा कुठे मिळेल बघायला?"

सरांनी डोकं खाजवलं. "तो तसा कुठेच नसतो," ते जरा ओशाळून म्हणाले.

घरी येऊन तिने थोरलीला हे सांगितलं. थोरली भाजी निवडत होती. "दिसतं तेच काढायचं, पण जो कुठे नसतो त्याचं काढायचं," ती म्हणाली. "तुझे सर बरे आहेत ना गं?"

पण धाकटी रुळली. रुळली म्हणजे गोंधळ सुटला असं नाही, त्याची सवय झाली. सर मोजत आणि सांगत, ती बघे आणि काढी. ती एखादा ठिपका दाखवी, सर म्हणत तो डाग आहे, सोडून द्या. कधी सरच म्हणत हा ठिपका महत्त्वाचा आहे, तर तिला तो दिसतच नसे, मग भिंगाखाली दोघांची डोकी एकमेकांवर आपटत. एकेका माशावर दोन दोन आठवडे जात. चित्र पुरं झालं की सर कोपऱ्यात बारीक अक्षरात माशाचं शास्त्रीय नाव लिहीत, आणि तिचंही नाव लिहायला लावत. "जबाबदारी दोघांची," म्हणत.

रंगांची गोष्ट मात्र सगळ्यात अवघड. माशाचा रंग त्याच्या जिवाबरोबर जातो. पाण्याबाहेर काढला की बघता बघता फिका पडतो, आणि स्पिरिटमध्ये गेला की काहीच उरत नाही. म्हणून रंगासाठी ओढ्याकाठी जावं लागे. सर विजार गुडघ्यापर्यंत दुमडून स्वतः जाळं टाकत, सापडलेला मासा पाण्यात जिवंत ठेवत, आणि धाकटी मांडीवर फळी घेऊन घाईघाईने रंगाचे ठिपके उतरवून घेई. ट्यूब उघड, मिसळ, कागदावर लाव, माशाशी जुळतंय का बघ. जुळलं की पुढचा ठिपका. फोटोही काढत, पण जुने छापील फोटो काही वर्षांत लालसर पडले, आणि नवा कॅमेरा आपल्या मनाने सगळ्यालाच हिरवट झाक देई. सर म्हणत, "कॅमेऱ्याला विचारता येत नाही, तुला खरंच असं दिसलं का म्हणून. बाईंना विचारता येतं."

ह्या पुस्तकातला सरांचा लाडका मासा म्हणजे किनारी. बोटाएवढा, रुपेरी, आणि पाठीवरच्या पराला एक बारीक रंगीत कड. नाव त्यांनीच ठेवलेलं. सुरुवातीच्या वर्षांत तो त्यांना वरच्या ओढ्यांत सापडला. तेव्हा धाकटीने त्याची कड लालसर जांभळी रंगवली. पुढे गुडघे कुरकुरायला लागल्यावर दोघं खालच्या बाजूला, पुलाजवळच्या संथ पाण्यात जायला लागले. तिथल्या किनारीची कड तिने रंगवली करडी, मातकट. सरांनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवली आणि त्यांचे डोळे चमकले. एकच मासा, वर जांभळा, खाली करडा! गढूळ पाण्यात भडक कड काय कामाची, म्हणून ती मावळत गेली असणार, असा त्यांनी अंदाज बांधला. त्यावर एक अख्खं प्रकरण लिहिलं. पुस्तकाची पानं छापखान्यात जायच्या बेतात होती.

आणि तेव्हाच धाकटीच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं.

मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता, बरीच वर्षं मुरत आलेला. तिला वाटायचं, संध्याकाळी दिवे मंद लागतात. डोळ्यांची डॉक्टर म्हणजे एक तरतरीत मुलगी, धाकटीच्या लेकीपेक्षाही लहान. तिने आधी उजवा डोळा केला आणि डावा महिन्याभराने करू म्हणाली.

पट्टी सुटली त्या सकाळी धाकटी स्वयंपाकघरात आली आणि दारातच थबकली. ओट्यामागच्या फरशा निळ्या होत्या. साध्या निळ्या नव्हेत, अंगावर येणाऱ्या. गॅसची ज्योत निळी. थोरलीच्या गाऊनवरची फुलं जांभळी.

"जाऊबाई, हा गाऊन नवा घेतलात?"

"नवा? अगं, चार वर्षं घासतेय मी तो."

"आणि तुमचे केस इतके पांढरे कधी झाले?"

थोरलीने कप खाली ठेवला. "तुला काय वाटत होतं?"

"मला वाटायचं, सोनेरी झाक आहे थोडी."

"तर मग राहू द्यायचं होतं ऑपरेशन," थोरली म्हणाली.

मग धाकटीला खेळच लागला. उजवा डोळा झाकला की खोली दुपार कलल्यासारखी पिवळी. डावा झाकला की पहाटेसारखी निळी. दुधाचं भांडं इकडून साय आल्यासारखं, तिकडून कागदासारखं. दोन्ही डोळे उघडे ठेवले की काय दिसतं हे तिला सांगताच येईना. जिना उतरताना गरगरायला लागलं. पण खरी धडकी भरली ती संस्थेत गेल्यावर.

छापखान्यात जायची पानं टेबलावर पसरलेली होती. वरच्या ओढ्याचा किनारी तिने पाहिला, ठीक होता. खालच्या ओढ्याचा पाहिला आणि पान उचलून खिडकीशी नेलं. कड चिखलाची होती. नुसती किनारीचीच नाही. गेल्या काही वर्षांतल्या सगळ्या चित्रांवर कुणीतरी चहाचं पाणी फिरवल्यासारखं दिसत होतं. तिने डावा डोळा उघडून उजवा झाकला. चित्रं पुन्हा छान, ओळखीची, आपली झाली.

"सर," ती म्हणाली, "मला वाटतं माशाची कड मावळली नाही. माझी दृष्टी मावळली."

सरांना आधी समजलंच नाही. समजल्यावर ते खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले. मग एकदम त्यांचा चेहरा खुलला. "थांबा बाई. घाबरू नका. समजा, तुम्ही पिवळा चष्मा घातलाय. मासा पिवळट दिसणार. पण रंगसुद्धा पिवळटच दिसणार ना? दोन्ही एकाच चष्म्यातून बघून जुळवलेत, म्हणजे कागदावर आला तो रंग बरोबरच. चष्मा दोन्हीकडून कटला!"

धाकटीला हे इतकं पटलं की तिचे डोळे भरून आले. ती आनंदाने जिना उतरायला लागली. अर्ध्यात थांबली. मग पान चिखलाचं का दिसतंय? ती पुन्हा वर चढली.

"सर, तुम्ही तर होतात की शेजारी प्रत्येक वेळी. तुम्हाला काय दिसली होती कड? जांभळी की करडी?"

सरांनी चष्मा काढला आणि रुमालाने पुसत राहिले. तो पुसायची काही गरज नव्हती.

"मला तो रंग दिसत नाही, बाई," ते म्हणाले. "लहानपणापासून. लालसर जांभळा मला राखाडीच दिसतो. हिरवा आणि तपकिरी यांचंही जरा अवघडच आहे."

"म्हणजे वरचा मासा आणि खालचा मासा..."

"मला दोन्ही राखाडीच दिसले. तुमच्या चित्रांतही दोन्ही कडा राखाडीच दिसतात, एक थोडी गडद. तुम्ही त्या दिवशी म्हणालात, ही जांभळी आणि ही करडी, म्हणून मी प्रकरण लिहिलं."

धाकटीने खुर्ची ओढून घेतली. "इतक्या वर्षांत सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, सगळा भार तुमच्यावर आहे."

"तो होताच की!"

"हो," सर म्हणाले. "पण तुम्हाला माहीत नव्हतं."

ती रागावली की नाही हे तिचं तिलाच ठरवता येईना. एका अर्थी तिला फसवलं होतं. दुसऱ्या अर्थी इतका विश्वास तिच्यावर आयुष्यात कुणीच टाकला नव्हता, नवऱ्यानेसुद्धा नाही. आणि तिसऱ्या अर्थी, एकाला दिसत नव्हतं आणि दुसरीला दिसेनासं झालं होतं, आणि दोघांनी मिळून रंगांचं पुस्तक केलं होतं.

डोळे तपासायला गेली तेव्हा तिने डॉक्टरला ते चष्म्याचं गणित विचारलं. मुलगी हसली. "गणित बरोबर आहे, पण जुळवायचं तर रंग वेगवेगळे दिसायला हवेत ना, मावशी. दाट मोतीबिंदूतून जांभळा आणि करडा दोन्ही सारखेच मळके दिसणार. मग हाताला जी ट्यूब लागेल ती लावली तरी जुळल्यासारखंच वाटणार."

"म्हणजे मी चुकीचा रंग लावला."

"तसं नाही म्हणता येणार. बरोबरही लागला असेल. फक्त तुम्हाला कळलं नसतं."

धाकटीला वाटलं होतं, डॉक्टर हो म्हणेल किंवा नाही म्हणेल. हे तिसरंच काहीतरी घेऊन ती घरी आली.

पुढे सरांनी तिला हळूच एक गोष्ट विचारली. ती तिने जेवताना थोरलीला सांगितली.

"डॉक्टर म्हणतात, दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन जरा पुढे ढकलता येईल का."

"ती मुलगी तर म्हणाली होती, लवकर करा म्हणून."

"ती नाही. आमचे डॉक्टर."

"आमचे म्हणजे? माशांचे?" थोरलीचा घास हातातच राहिला. "आणि तुझ्या डोळ्याशी त्यांचा काय संबंध?"

"डावा डोळा अजून जुना आहे ना. त्याने परत तोच मासा रंगवून बघायचा, आणि उजव्या डोळ्यानेही. म्हणजे कळेल, आधीची चूक डोळ्याची की..."

"धाकटे, डोळा म्हणजे काय त्यांच्या कपाटातली बरणी आहे, झाकण लावून ठेवायला? मी येते तुझ्याबरोबर. मलाच बोलू दे त्यांच्याशी."

थोरली खरोखरच आली. पुलाजवळ गाडीतून उतरल्या उतरल्या तिने सरांना गाठलं आणि झाकणबिकण सगळं ऐकवलं. सर मान खाली घालून ऐकत होते. "तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले. "आज एकदाच बघू. मग बाई म्हणतील तसं." इतक्या लवकर हार मानणाऱ्या माणसाशी भांडायची थोरलीला सवय नव्हती. ती फुरंगटून दगडावर बसली, आणि सरांनी तिच्या हातात रंगाच्या ट्यूबांचा डबा दिला. नावं वाचून हात आपोआप जांभळ्याकडे जाऊ नये, म्हणून प्रत्येक ट्यूबभोवती त्यांनी कागद गुंडाळून आणला होता. थोरलीने ट्यूबा उघडून पॅलेटवर थोडा थोडा रंग काढून द्यायचा, असं ठरलं.

बऱ्याच खेपांनंतर जाळ्यात किनारी आला. सरांनी त्याला पाण्याने भरलेल्या पांढऱ्या टबात सोडलं. धाकटीने डाव्या डोळ्यावर पट्टी बांधली आणि वाकून पाहिलं. पराच्या टोकाला लालसर जांभळी कड होती, इतकी नाजूक की मासा वळला की नाहीशी व्हायची आणि पुन्हा उमटायची. "जांभळी आहे सर! आहे!" तिने भराभर चित्र उतरवलं.

मग पट्टी दुसऱ्या डोळ्यावर आली. जुन्या डोळ्याला टब पिवळट दिसला, मासा पिवळट, कड मळकट. ती पुन्हा पुन्हा जुळवत राहिली. अगदी प्रामाणिकपणे, काही आठवायचं नाही असं मनाला बजावत. हे काम सावकाश झालं. पट्टी सोडून तिने कागद पाहिला. कड करडी होती, मातकट, अगदी छापायच्या पानातल्यासारखी.

"झालं तर," सर म्हणाले. आवाजात सुटकाही होती आणि पडलेपणही. "डोळाच. प्रकरण काढून टाकू."

धाकटीने जाता जाता एकदा टबात डोकावलं, नव्या डोळ्याने. आणि ती तशीच वाकलेली राहिली.

"सर, हा आता करडा आहे."

"काय?"

"कड. आता करडी दिसतेय. उजव्या डोळ्याने."

तिने डोळा चोळला, पुन्हा पाहिलं. करडीच. सरांनी वाकून पाहिलं, पण त्यांच्या पाहण्याला काही अर्थ नव्हता हे दोघांनाही एकदमच आठवलं. दोघांनी मान वळवून थोरलीकडे पाहिलं.

थोरली आली, चष्मा सारखा केला, टबावर झुकली. "करडी आहे की. राखेसारखी."

"मघाशी कशी होती, जाऊबाई? जांभळी होती ना?"

"मघाशी मी कुठे बघितलं? मी ट्यूबा सांभाळत होते."

तिघंही टबावर वाकले. मासा आपला गोल गोल फिरत होता. मग सरांनी कपाळावर हात मारून घेतला. काही मासे जिथे असतात तिथल्यासारखे होतात. पांढऱ्या भांड्यात ठेवले तर थोड्या वेळाने फिके पडतात, काळ्या भांड्यात खुलतात. हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, त्यांनी ते इतरांना शिकवलंही होतं. पण किनारीची कड इतक्या लवकर विझत असेल असं त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं. आलं असतं तरी त्यांना ते दिसलं नसतं.

"वरच्या ओढ्यावर आपण काय न्यायचो?" त्यांनी विचारलं.

"काळी बादली," धाकटी म्हणाली. "ती गळायला लागली म्हणून तुम्ही हा टब आणलात."

"म्हणजे डोळा नव्हे. टब!"

"पण मग आता डाव्या डोळ्याने मी करडी काढली ती..."

"तेव्हा ती खरंच करडी झाली असेल."

"किंवा जांभळी असेल आणि मला करडी दिसली असेल."

"दोन्ही होऊ शकतं," सर म्हणाले, आणि मटकन ओल्या काठावरच बसले.

गाडीत थोरलीकडे थंडी वाजलीच तर म्हणून आणलेली सुती काळी शाल होती. तीच टबाच्या आत, तळाशी अंथरून तिघं वाट बघत बसले. बऱ्याच वेळाने धाकटीला वाटलं, कड पुन्हा जांभळी होतेय. पण तोवर ऊन पुलाआड गेलं होतं आणि सावलीत सगळंच जांभळट दिसत होतं, टब, मासा, सरांचे पाय. थोरली म्हणाली तिला कांद्याच्या सालीचा रंग दिसतोय. तो जांभळ्यात धरायचा की तपकिरीत, यावर दोन्ही जावांचं एकमत झालं नाही. शेवटी सरांनी माशाला पाण्यात सोडून दिलं. एरवी ते सोडत नसत.

परतताना सर गाडीतून मागे वळून पुलाकडे बघत होते. सरांना काळी बादली घेऊन पुन्हा यायचं होतं, त्याच दोन डोळ्यांनी, एकदा नव्हे, पुष्कळदा. ते त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण धाकटीला कळलं. खरं तर तिलाही जाणून घ्यायचं होतं. इतकी वर्षं आपण खरं काढलं की खोटं, हे माणसाला कळायला नको? पण जिना उतरताना पाय चुकत होता, चहा ओतताना कपाच्या बाहेर जात होता, आणि थोरलीचा चेहरा एका डोळ्याने आजारी आणि दुसऱ्या डोळ्याने थंडीने गारठलेला दिसत होता.

दोन दिवस तिने काही ठरवलं नाही. तिसऱ्या दिवशी ती सरांना म्हणाली, "मी डोळा करून घेते."

"हो," सर म्हणाले. मग थोड्या वेळाने, "मी विचारायलाच नको होतं."

"विचारलंत ते ठीकच केलंत," ती म्हणाली. तिला तसं का वाटलं हे तिला सांगता आलं नसतं.

ऑपरेशनच्या दिवशी सर दवाखान्यात आले आणि बाहेरच्या बाकावर थोरलीशेजारी बसले. थोरलीने त्यांना विचारलं की भिंत कुठल्या रंगाची आहे. ते म्हणाले, राखाडी. ती हिरवी होती. थोरलीने त्यांना बिस्किटं दिली.

पुस्तक उशिरा आलं. सरांनी ते प्रकरण काढून टाकलं. त्या जागी पुलाजवळ केलेली दोन्ही चित्रं समोरासमोर छापली. खालच्या ओळीवर त्यांनी आठवडाभर डोकं शिणवलं. शेवटी एवढंच लिहिलं, की दोन्ही चित्रं एकाच माशाची असून कडेचा रंग निश्चित सांगता येत नाही, आणि कुठलं चित्र कुठल्या डोळ्याने, किती वेळाने, कुठल्या भांड्यात बघून काढलं. संस्थेतले काही जण हसले. शास्त्राच्या पुस्तकात चित्रकाराच्या डोळ्याची तब्येत कशाला, म्हणाले. सर म्हणाले, मोजपट्टी किती चुकते तेही देतो की आपण.

पुस्तक घरी आणल्यावर थोरलीने ते पान शोधून काढलं आणि बराच वेळ न्याहाळलं. "यातला खरा कुठला?"

"माहीत नाही, जाऊबाई."

"अगं, तूच काढलेत ना दोन्ही?"

"म्हणून तर."

दुपारी थोरली आडवी झाल्यावर धाकटी पुस्तक घेऊन खिडकीत बसली. उजव्या डोळ्याचं चित्र तिला आता दोन्ही डोळ्यांनी नीट दिसत होतं. डाव्या डोळ्याचं मात्र नुसतंच मळकं दिसत होतं. ते ज्या डोळ्याला बरोबर वाटलं होतं तो डोळा आता जगात नव्हता. त्या दिवशी तो मासा कसा दिसला होता हे तिने आठवून पाहिलं. पाण्याचं हलणं आठवलं, सरांच्या दुमडलेल्या विजारीचं ओलं टोक आठवलं, कड काही आठवेना. चित्र चुकलं होतं का बरोबर होतं, हे ताडून बघायला आता ती स्वतःही नव्हती. तिला वाईट वाटलं, आणि हसूही आलं, आणि यातलं कुठलं जास्त हे ठरवायच्या आत जिन्यावर सरांची पावलं वाजली.

सर दारातूनच बोलायला लागले. नवं काम आलं होतं, ओढ्याकाठच्या गोगलगाईंचं. शंखांवर बारीक पट्टे असतात म्हणे, लाल की हिरवे त्यांना सांगता येत नव्हतं. त्यांनी एक शंख खिशातून काढून तिच्या तळहातावर ठेवला.

धाकटीने तो उजेडात फिरवला. इकडून पाहिला, तिकडून पाहिला.

"काय दिसतंय?" सरांनी विचारलं.

"थांबा," ती म्हणाली. "जाऊबाईंना उठवते."